ऐंशी हजारांची दुर्बीण घेण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात सहकारी बँकेत नोकरी, शिक्षण बी.कॉम., वय ४६, मुलगी आठवीत. मंगळाच्या यानाबरोबर घरातल्या सगळ्यांची नावं पाठवून झाली, चांद्रयान-३ उतरलं तेव्हा टाळ्या वाजवून झाल्या. आता नुसतं बघण्यापलीकडे अवकाश संशोधनात आपल्यासारख्याला खरोखर काही करता येतं का? आणि त्यासाठी ऐंशी हजारांची दुर्बीण घ्यावी का?

दुर्बिणीचं आधी सांगतो: आत्ता घेऊ नका. कारण पुढे येईलच.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे, पण त्यात एक गोम आहे. 'सहभाग' या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी खपतात. पर्सिव्हिअरन्स रोव्हरबरोबर सुमारे १ कोटी ९ लाख नावं मंगळावर गेली, गुरूच्या युरोपा या चंद्राकडे निघालेल्या युरोपा क्लिपर यानाबरोबर २६ लाख. त्यात वाईट काही नाही, मुलांना मजा येते, मीही पाठवली आहेत. पण तुमचं नाव त्या यादीत नसतं तर मोहिमेत काही उणं पडलं नसतं. दुसरी गोष्ट म्हणजे तुम्ही केलेली नोंद उद्या कुणी संशोधक उघडून वापरतो. माझ्या लेखी सहभाग म्हणजे ही दुसरी गोष्ट. कुठलीही योजना समोर आली की मी एवढंच विचारतो: माझं काम कुठे जमा होतं, आणि ते पुढे कोण वापरतं? याचं सरळ उत्तर मिळालं नाही तर तो करमणुकीचा कार्यक्रम आहे असं समजायचं.

आता तुम्ही काय करावं हे तुमच्या डिग्रीपेक्षा तीन-चार गोष्टींवर ठरेल. रात्री गच्चीवर जाता येतं की वेळ फक्त पहाटे किंवा जेवणानंतर कॉम्प्युटरसमोर मिळतो? एकच काम महिनोन्महिने करायला कंटाळा येतो का? इंग्रजी सूचना वाचायला जड जातात का? (बहुतेक ठिकाणी सगळं इंग्रजीतच आहे, त्याला इलाज नाही.) आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकाश झाकलेलं असतं. त्यामुळे महाराष्ट्रातल्या निरीक्षकाचं वर्षच दोन तुकड्यांत पडतं. पावसाळ्यात पडद्यावरचं काम, दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत गच्चीवरचं. सोलापूरची हवा त्या मानाने कोरडी, तेव्हा कोकणातल्या माणसापेक्षा तुम्ही नशीबवान.

पडद्यावरचं काम आधी घेऊ, कारण ते आज रात्रीपासून फुकटात सुरू होतं. झूनिव्हर्स नावाचं संकेतस्थळ आहे, त्याची सुरुवात २००७ साली गॅलेक्सी झू या प्रकल्पातून झाली. एका मोठ्या आकाश सर्वेक्षणात दीर्घिकांची (गॅलेक्सींची) जवळजवळ दहा लाख चित्रं जमली होती. ही सर्पिल की लंबगोल, असं एकेक बघून सांगायला माणसं कुठून आणणार? म्हणून लोकांना विचारलं. एकच चित्र अनेकांना दाखवतात आणि सगळ्यांची मतं एकत्र करतात, त्यामुळे तुमचं एखादं उत्तर चुकलं तरी बिघडत नाही. त्याच वर्षी हॅनी व्हान आर्केल या नेदरलँड्समधल्या शाळेच्या शिक्षिकेला एका दीर्घिकेशेजारी विचित्र ढग दिसला. पर्यायांत त्याला बसेल असं खोकंच नव्हतं. तिने सरळ विचारलं, हे काय आहे? तो निघाला वायूचा प्रचंड ढग. शेजारच्या दीर्घिकेचं केंद्र पूर्वी फार प्रखर होतं, त्या प्रारणाने उजळलेला. आज तो तिच्याच नावाने ओळखला जातो. ग्रह शोधणाऱ्या केप्लर अवकाश दुर्बिणीने ताऱ्यांच्या तेजाचे जे आलेख काढले, त्यांतला तो प्रसिद्ध, वेडावाकडा मंद होणारा तारा, केआयसी ८४६२८५२, तोही असाच प्लॅनेट हंटर्स प्रकल्पातल्या लोकांच्या नजरेत भरला. संगणकाचा प्रोग्रॅम ग्रहामुळे पडणाऱ्या नियमित खळग्या शोधत होता आणि या खळग्या कुठल्याच नियमात बसत नव्हत्या.

तुमच्या मुलीसाठी मी इथूनच सुरुवात सांगेन. खातं तुमच्या संमतीने काढा आणि पहिले काही दिवस दोघं एकाच पडद्यासमोर बसा. 'मला काहीच समजत नाही' ही भावना साधारण आठवडाभरात जाते.

पण तुम्ही बँकेतले आहात, रकाने जुळवणं हा तुमचा धंदा. म्हणून तुम्हाला यापेक्षा एक पायरी वरचं काम सुचवतो: सोहोच्या चित्रांतले धूमकेतू. हे जरा तपशिलात सांगतो, कारण मराठीत याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

सोहो हे यान डिसेंबर १९९५ मध्ये सुटलं. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवर राहून ते सूर्याकडे बघतं. आपलं आदित्य-एल१ ज्या भागात आहे, त्याच भागात. त्यावरच्या लॅस्को कॅमेऱ्यात मधोमध एक चकती आहे, ती सूर्याचं बिंब झाकते आणि भोवतालचं अंधूक तेज दिसायला लागतं. यान बांधलं सूर्याच्या अभ्यासासाठी, पण त्या चित्रांतून सूर्याला चाटून जाणारे चिमुकले धूमकेतूही दिसतात. नासाच्या मदतीने चालणारा सनग्रेझर प्रकल्प त्यांची नोंद ठेवतो. मार्च २०२४ मध्ये सोहोच्या चित्रांतला ५,००० वा धूमकेतू नोंदला गेला, आणि यातले बहुतेक जगभरच्या हौशी लोकांनी शोधलेत. त्यातले बरेचसे क्रॉइट्झ कुळातले, म्हणजे एकाच मोठ्या धूमकेतूचे पूर्वी कधीतरी झालेले तुकडे. जवळपास एकाच वाटेने येतात आणि सूर्याजवळ वाफ होऊन संपतात.

काम कसं चालतं? मोठ्या क्षेत्राच्या कॅमेऱ्याची, म्हणजे सी-३ ची चित्रं साधारण दर बारा मिनिटांनी घेतलेली असतात. काही तासांची चित्रं उतरवून घ्यायची आणि एकामागून एक झरझर उलटायची. पडद्यावर शेकडो ठिपके दिसतील, घाबरायचं नाही. जे ठिपके सगळे मिळून एकाच दिशेला, एकाच चालीने सरकतात ते तारे. एखाद्या चित्रात चमकून पुढच्यात नाहीसा होतो तो वैश्विक किरणांचा ओरखडा. जागेवरून हलतच नाही तो कॅमेऱ्यातला दोष. ज्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या पांढऱ्या रेघा फुटल्यात तो ग्रह. त्याच्या प्रकाशाने कॅमेऱ्याचे पिक्सेल भरून ओसंडतात, म्हणून त्या रेघा. एवढं सगळं वजा करून जो ठिपका ताऱ्यांची चाल न धरता, चित्रामागून चित्र, स्वतःच्या वाटेने सूर्याकडे निघालाय तो आपला गडी. प्रत्येक चित्राची वेळ आणि ठिपक्याची आडवी-उभी जागा पिक्सेलमध्ये मोजायची आणि अर्ज भरून पाठवायचा. प्रकल्पाचे शास्त्रज्ञ तपासून मान्य करतात.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर हिरमोड नको. पहिली, श्रेय जो आधी कळवेल त्याचं, आणि या कामात मुरलेली मंडळी नवी चित्रं येताच तुटून पडतात. सुरुवातीला तुम्ही त्यांच्या मागेच असणार. दुसरी, धूमकेतूला नाव मिळतं ते सोहोचं, तुमचं नाही. शोधणाऱ्यांच्या यादीत तुमची नोंद होते, इतकंच. नाव हवं असणारी माणसं इथे टिकत नाहीत. सोहो आता म्हातारं झालंय, पण काम थांबणार नाही. २०२४ मध्ये सुटलेल्या गोज-१९ उपग्रहावर याच प्रकारचा नवा कॅमेरा बसवलेला आहे.

नावाचा विषय निघालाच आहे तर लघुग्रहांबद्दल. 'अमुक शाळेच्या विद्यार्थिनीने लघुग्रह शोधला' अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्यामागे बहुतेक वेळा आयएएससी हा अमेरिकेतून चालणारा उपक्रम असतो. हवाई बेटांवरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीची चित्रं गटांना देतात, ॲस्ट्रोमेट्रिका नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती एकामागे एक लावून सरकणारा ठिपका हुडकायचा आणि अहवाल पाठवायचा. काम खरं आहे, शिकायलाही उत्तम. पण बातमीत जे छापतात तो असतो प्राथमिक टप्पा. पुढे इतर दुर्बिणींनी तो ठिपका पुन्हा पाहायला हवा, कक्षा पक्की व्हायला हवी, मग क्रमांक मिळतो आणि त्यानंतर नावाचा प्रश्न. यात वर्षं जातात. आणि हे नीट ऐका: मूळ उपक्रम फुकट आहे. मधला कुणी 'नासाचं प्रमाणपत्र' दाखवून मुलांमागे काही हजार मागत असेल तर ते पैसे कशाचे, हे विचारा. शिकवणीचे असतील आणि शिकवणी चांगली असेल तर जरूर द्या. प्रमाणपत्राचे असतील तर त्या पैशात द्विनेत्री (बायनॉक्युलर) येईल.

आता इस्रोबद्दल, कारण तुमचा मूळ जीव चांद्रयानात आहे. इस्रो मोहिमांचा विदा (डेटा) 'प्रदान' या संकेतस्थळावर खुला करते. चांद्रयान-२ च्या सर्वांत तीक्ष्ण कॅमेऱ्यात चंद्रावरची पाव मीटरची वस्तूही वेगळी कळते आणि ती चित्रं तुम्ही घरी उतरवून घेऊ शकता. क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती उघडतात. फायली मात्र अवजड असतात, मोबाइलच्या डेटावर हा उद्योग करू नका. यातून काय निघू शकतं याचं उदाहरण चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन यांचं. ७ सप्टेंबर २०१९ ला चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरशी संपर्क तुटला. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाने त्या भागाचे फोटो काढले आणि खुले केले. या इंजिनिअरने घरी बसून जुनी आणि नवी चित्रं शेजारी शेजारी ठेवून तुलना केली आणि एक ठिपका पकडला. जुन्या चित्रात नव्हता, नव्यात होता. एक उजळ पिक्सेल, बस. त्यांनी तो एलआरओच्या शास्त्रज्ञांना कळवला. त्या मंडळींनी नंतर घेतलेल्या चित्रांत खातरजमा केली आणि डिसेंबरमध्ये जाहीर केलं. मुख्य आघाताच्या जागेपासून सुमारे ७५० मीटर वायव्येला पडलेला तो अवशेष होता. मला यात कौतुक वाटतं ते नजरेचं तर आहेच, पण त्यांनी आधी ज्यांचा कॅमेरा त्यांनाच विचारलं, याचं जास्त. रोज समाजमाध्यमांवर चंद्रावर 'इमारती' शोधणारे कमी नाहीत.

गुरूची चित्रं आवडत असतील तर जूनो यानाचा जूनोकॅमही पाहा. तो कॅमेरा मुख्यतः लोकांसाठीच बसवला आहे आणि कच्ची चित्रं लोकांनीच घडवावीत अशी योजना आहे. यान स्वतःभोवती फिरत असल्यामुळे चित्र सलग येत नाही, निळ्या-हिरव्या-लाल पट्ट्या येतात. त्या जुळवणं हे खासं कौशल्य आहे. तुम्हाला फोटो एडिटिंगची हौस असेल तरच इकडे वळा.

मुलगी नववीत गेली की इस्रोच्या युविका कार्यक्रमाची जाहिरात येते का त्यावर लक्ष ठेवा; तो नववीच्याच मुलांसाठी असतो. आणि २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, जुन्नर तालुक्यात खोडदला तिला घेऊन जा. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली असते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, त्यातली एक जवळून पाहिली की पोस्टरवरचं सगळं फिकं वाटतं. आनंद होता यांचा रॅड ॲट होम हा प्रकल्प याच दुर्बिणीच्या डेटातून विद्यार्थ्यांकडून नव्या रेडिओ दीर्घिका शोधून घेतो. त्यांचा भर विज्ञान-अभियांत्रिकीच्या मुलांवर असतो, म्हणून तुमच्यापेक्षा पुढेमागे मुलीसाठी ते जास्त उपयोगी.

आता गच्ची. इथे माझा पक्षपात उघड आहे, कारण मी बरीच वर्षं रूपविकारी ताऱ्यांचीच निरीक्षणं करतो. काही ताऱ्यांचं तेज कमीजास्त होतं, ते नोंदत राहायचं. १९११ पासून अमेरिकेतली एएव्हीएसओ ही संस्था जगभरच्या हौशी लोकांच्या अशा नोंदी जमवते. सभासद व्हायची सक्ती नाही, मागितल्यावर निरीक्षक म्हणून एक सांकेतिक खूण मिळते.

यातल्या आपल्याकडच्या थोर माणसाचं नाव फार थोड्यांना माहीत आहे. राधागोविंद चंद्र. बंगालात जेसोरच्या सरकारी खजिन्यात नाणी पारखायची नोकरी. एन्ट्रन्स परीक्षा काही पास झाली नाही. घरी तीन इंची दुर्बीण. त्यांनी १९१९ पासून एएव्हीएसओला नोंदी पाठवायला सुरुवात केली आणि १९५४ पर्यंत ३७ हजारांहून जास्त पाठवल्या. त्यांचं काम बघून संस्थेने स्वतःहून त्यांच्याकडे सहा इंची दुर्बीण धाडली. खजिन्यातला कारकून, तोही इंटरनेटच्या आधीचा. तेव्हा बी.कॉम. असल्याचं मला पुन्हा सांगू नका.

तुम्ही नुसत्या डोळ्यांनी करता येईल असा तारा घ्या: मृगातली काक्षी (बीटलज्यूस). डिसेंबर ते एप्रिल संध्याकाळी सहज दिसते, तांबूस आहे, शहराच्या उजेडातही सापडते. रीत अशी. तिच्याहून किंचित तेजस्वी आणि किंचित मंद असे दोन तारे निवडायचे. प्रश्वा (प्रोसियन) ०.४ प्रतीचा, रोहिणी ०.९ प्रतीची. (प्रत म्हणजे तेजाचं माप; प्रतीचा आकडा मोठा तितका तारा मंद, हे सुरुवातीला सगळ्यांनाच उलटं वाटतं.) काक्षी या दोघांच्या मधोमध वाटली तर सुमारे ०.६ किंवा ०.७, रोहिणीसारखीच वाटली तर ०.९. लाल ताऱ्याकडे टक लावून बघायचं नाही, जितकं बघत राहाल तितका तो जास्त तेजस्वी भासतो. ओझरती नजर टाकून लगेच दुसऱ्या ताऱ्याकडे वळायचं. तिन्ही तारे क्षितिजापासून बऱ्यापैकी वर आणि जवळपास सारख्या उंचीवर असताना बघायचं, नाहीतर खालच्या ताऱ्याचं तेज हवेत विरतं. वेळ लिहिताना आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करायचे, म्हणजे जागतिक वेळ मिळते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कालची नोंद न बघता आजची लिहायची. कालचा आकडा डोक्यात असला की डोळा तोच आकडा दाखवतो.

तुम्ही म्हणाल, हबल असताना माझ्या डोळ्याचं काय मोल? काक्षीसारखा तेजस्वी तारा मोठ्या दुर्बिणींच्या कॅमेऱ्यांना झेपत नाही, चित्र जळून जातं. शिवाय त्या दुर्बिणींचा वेळ अनेकांत वाटलेला, रोज एकाच ताऱ्याकडे बघत बसणं त्यांना परवडत नाही. २०१९ च्या अखेरीस काक्षी मंद व्हायला लागली आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत जवळपास १.६ प्रतीपर्यंत उतरली. मृगाकडे रोज बघणाऱ्याला तो फरक नुसत्या डोळ्यांनी कळत होता. पुढे मोठ्या दुर्बिणींनी छडा लावला की ताऱ्याने फेकलेल्या वायूची धूळ होऊन ती आड आली होती. पण मुळात हे मंद होणं किती अनपेक्षित, हे कळलं ते आधीच्या अनेक दशकांच्या नोंदी हाताशी होत्या म्हणून. त्यात बऱ्याच नोंदी डोळ्यांनी केलेल्या.

तर तुमच्यापुरता क्रम असा: पावसाळ्यात झूनिव्हर्स आणि सोहोची चित्रं, थंडी पडली की काक्षी. मार्चअखेर बँकेत मान वर करायला फुरसत नसेल तेव्हा खुशाल सुटी घ्या. नोंदीत खंड पडलेला चालतो, आठवणीने भरलेला आकडा चालत नाही.

आता राहिली दुर्बीण. एक हिवाळा डोळ्यांनी नोंदी केल्यावर तुम्हाला कळेल की तुमचा ओढा कुठे आहे, आणि उपकरण त्यावर ठरतं. रूपविकारी ताऱ्यांत जीव रमला तर आधी १० बाय ५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री घ्या. तिमिंगल तारकासमूहातला मीरा हा तारा साधारण अकरा महिन्यांत तेज वाढवून पुन्हा मावळतो, त्याच्या चढाचा बराचसा भाग तिच्यातून नोंदता येतो. त्यानंतरही हौस टिकली तर सहा किंवा आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण. ऐंशी हजारांत ज्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या चकचकीत दुर्बिणी दाखवतात त्या पहिल्या खेपेला घेऊ नका. बॅटरी, केबल, ॲप यांतच संध्याकाळ जाते आणि वर्षभरात त्या माळ्यावर दिसतात. घेण्यापूर्वी कुणाची तरी दुर्बीण वापरून बघा. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम करतं. सोलापुरातही कॉलेजांतून हौशी मंडळी भेटतील, भौतिकशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकांना विचारून बघा.

काक्षीच्या पहिल्या आठ-दहा नोंदी झाल्या की तारीख, वेळ, तुलनेचे तारे आणि अंदाज असे चार रकाने करून इथेच टाका. काही खटकलं तर सांगेन, मग एएव्हीएसओकडे पाठवायला लागा.